सीझरनंतर गॅस पास होईपर्यंत उपाशीच ठेवायचं का?

कोरी_पाटी | मंगळवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. काल दुपारी बायकोचं सीझर झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. ठरवून केलेलं सीझर होतं, कंबरेत इंजेक्शन देऊन. काही गुंतागुंत नाही, रक्तस्रावही बेताचाच, असं डॉक्टर म्हणाल्या.

गाडी अडलीय ती पुढे. काल रात्री घोट घोट पाणी दिलं, आज सकाळपासून नुसतं पातळ. राउंडला आलेले ज्युनिअर डॉक्टर म्हणाले, "गॅस पास झाला की जेवण सुरू करू." गॅस काही पास होत नाहीये. पोट टम्म फुगलंय, डाव्या बरगडीखाली मधूनच कळ येते आणि आता उजवा खांदा दुखतोय म्हणते. ऑपरेशन पोटाचं आणि खांदा का दुखावा? भुकेनं चिडचिड चाललीय ती वेगळीच.

गंमत म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या बाईंचंही कालच सीझर झालं, फक्त डॉक्टर वेगळे. त्यांना काही तासांतच जेवायला दिलं. खोली एक, ऑपरेशन एक आणि नियम दोन. बरोबर कोण? गॅस लवकर पास व्हावा म्हणून आम्ही काय करू शकतो? दर तासाला कोणाचा तरी फोन येतो, "झालं का?" मी आता फोन बंद करून ठेवलाय.

जुई | सकाळी ९:५२

अभिनंदन! खांदेदुखी मलाही झाली होती, मला वाटलं झोपताना अवघडला असेल. कोणीतरी जाणकार सांगेलच, पण घाबरू नका.

उंटावरची_शहाणी | सकाळी १०:०५

शेजारच्या बाईंचे डॉक्टर बरोबर. "आधी वारा सरू दे, मग खायला देऊ" हा नियम मोठ्या आतड्याची कापाकापी व्हायची त्या ऑपरेशनांवरून आलाय. सीझरमध्ये आतड्याला कात्री लागतच नाही. पोटाची भिंत उघडतात, गर्भाशय उघडतात, बाळ काढतात, शिवतात. आतडं बिचारं बाजूला बसून बघत असतं. त्याला उपाशी ठेवून काय मिळणार? रिकाम्या आतड्याला हलायचं कारणच नाही. खाल्लं की ते हलतं, हललं की वारा सरतो. तुमच्या डॉक्टरांनी क्रम उलटा लावलाय.

पाणकावळा | सकाळी १०:११

उंटावरून उतरा आणि डॉक्टरांना ठरवू द्या. :) धागा वाचून कोणी पेशंटला थेट ताट वाढायचं.

गप्पिष्ट | सकाळी १०:१४

घरातल्या कोणीतरी पादावं म्हणून अख्खं खानदान देव पाण्यात घालून बसलंय, असा योग आयुष्यात एकदाच येतो. आनंद घ्या.

भूलवैद्य | सकाळी १०:४०

भूल देणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून लिहितो. पेशंट पाहिलेला नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण.

आधी खांदा. पोट उघडलं की आत थोडी हवा शिरते, काही वेळा थोडं रक्तही साचतं. ते वर सरकून श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला) टोचतं. श्वासपटलाची नस आणि खांद्याच्या त्वचेची नस मानेतल्या एकाच पातळीवरून निघतात, म्हणून मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. हवा शोषली जाते तसं एक-दोन दिवसांत हे कमी होतं. मात्र खांदेदुखीसोबत दम लागत असेल, छातीत दाबल्यासारखं होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर ती गॅसची गोष्ट समजू नका. लगेच सिस्टरना सांगा.

आता आतडी. पोट उघडलं, आत हात फिरला, की मज्जासंस्था आतड्यांना थांबायला सांगते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, त्यात पेशंटचा काही दोष नाही. जोडीला हाताळणीमुळे आलेली थोडी सूज. छोटं आतडं काही तासांत ते साधारण दिवसभरात पूर्ववत होतं, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठं आतडं सगळ्यात आळशी, त्याला दोन-तीन दिवस लागू शकतात. कळ येते ती बहुतेक तेव्हा, जेव्हा एक भाग हलायला लागलेला असतो आणि पुढचा भाग झोपलेला असतो. म्हणजे कळ येणं हे बऱ्याचदा आतडं जागं होत असल्याचं लक्षण असतं.

शिवाय आम्ही दिलेली औषधं. कंबरेच्या इंजेक्शनमध्ये बहुधा थोडं मॉर्फिन किंवा त्याच्या जातीचं औषध असतं. त्यानं वेदना छान थांबतात आणि आतडीही मंदावतात. बीपी वाढल्यानं झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं सलाइन चालू असेल तर तेही आतड्याचे स्नायू सैल पाडतं. गरोदरपणातल्या प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी आधीच सुस्तावलेली असतात.

उंटावरची_शहाणी यांचा मुद्दा सूर सोडला तर बरोबर आहे. सीझरनंतर लवकर बरं होण्यासाठी इरास सोसायटीनं मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांच्या २०१९ च्या भागात ऑपरेशननंतर २ तासांच्या आत नेहमीचं खाणं सुरू करायला सांगितलंय. त्याआधी २००२ च्या कॉक्रेन आढाव्यातही (झालेल्या चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) बिनगुंतागुंतीच्या सीझरनंतर खाणंपिणं रोखून धरायला आधार सापडला नव्हता. पण हे "बिनगुंतागुंतीच्या" ऑपरेशनबद्दल. आधीच्या ऑपरेशनांमुळे आतडी चिकटलेली असतील, ती सोडवावी लागली असतील, रक्तस्राव फार झाला असेल, तर डॉक्टर थांबवतात आणि त्याला कारण असतं. म्हणून राउंडला एवढंच विचारा: "हिला थांबवण्याचं काही खास कारण आहे का?"

टाकेवाली | सकाळी १०:५८

मी विरुद्ध बाजूनं लिहिते. मला त्याच दिवशी संध्याकाळी जेवण दिलं, मीही भुकेच्या तडाख्यात सगळं संपवलं आणि रात्री उलट्या. टाके असताना उलटी काय असते ते ज्यांना झालीय त्यांनाच कळेल. दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते. दुसऱ्या बाळाच्या वेळी मी स्वतःच सांगितलं, आज नुसतं पातळ द्या. काहीही झालं नाही, उपाशी राहिल्यानं आतडंही रुसलं नाही.

उंटावरची_शहाणी | सकाळी ११:०४

@टाकेवाली, लवकर खा याचा अर्थ भरपेट खा असा नाही ना. दोन घास, मग तासाभरानं आणखी दोन.

टाकेवाली | सकाळी ११:०७

हे तुम्ही आधी लिहिलं असतं तर माझी पोस्ट वाचली असती.

भूलवैद्य | सकाळी ११:२०

दोघींचं जुळतं. भूक लागलीय, मळमळ नाही, ओकारी नाही, तर थोडं थोडं सुरू करायला सहसा हरकत नसते. मळमळ असेल तर "गाईडलाइन म्हणते" म्हणून कोंबायचं नाही. मळमळीवर औषध आहे, ते मागा. आणि स्टेथोस्कोपनं पोटातले आवाज ऐकू आले तरच जेवण, हा जो जुना ठोकताळा आहे तोही फारसा भरवशाचा नाही.

रात्रपाळी | सकाळी ११:४५

प्रसूती वॉर्डात नर्स आहे, नुकतीच ड्यूटी संपवून आलेय. शास्त्र वर आलंच आहे, मी हातातल्या गोष्टी सांगते.

बाई खाटेवर उताणी पडून असते, कारण हललं की टाके ओढतात. उताणं पडून राहिलं की गॅस जागच्या जागी राहतो. म्हणून कूस बदलायची, पण तिथेच सगळ्या चुकतात. सरळ उठून बसायला जातात, पोटावर ताण येतो, कळवळून पुन्हा आडव्या होतात आणि मग दिवसभर उठतच नाहीत. गुडघे दुमडा. खांदे आणि कंबर एकदमच, अख्खं धड एका लाकडासारखं, कुशीवर वळवा. मग पाय खाटेखाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या कोपरावर आणि वरच्या तळहातावर जोर देऊन उठा. जोर हातांचा, पोटाचा नाही. वहिनींना हे एकदा जमलं की पुढच्या वेळी त्या तुम्हाला बोलावणारही नाहीत.

डाव्या कुशीवर, वरचा गुडघा पोटाकडे घेऊन पडायचं. अशानं बऱ्याच जणींचा वारा सुटतो. लघवीची नळी काढली असेल आणि पायांत पूर्ण ताकद आली असेल तर चालायचं, पहिल्यांदा सिस्टर सोबत असतानाच. खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत, तेवढं पुरे. मग थोड्या वेळानं पुन्हा. एकदाच कॉरिडॉरभर रपेट मारून दमून पडण्यापेक्षा हे बरं.

गॅस आला की सोडायचा. निम्म्या जणी लाजून धरून ठेवतात, कारण खोलीत सासरे बसलेले असतात. तुम्ही एक काम करा, भेटायला येणाऱ्यांना बाहेर काढा.

स्ट्रॉनं पिऊ नका, फसफसणारी पेयं नकोत. दोन्हीनं हवा आत जाते. खोकला, शिंक, हसू आलं तर घडी केलेला टॉवेल टाक्यांवर दाबून धरायचा. (गप्पिष्ट यांच्या पोस्टी वहिनींना वाचून दाखवू नका.)

गप्पिष्ट | दुपारी १२:०२

माझं लेखन वैद्यकीयदृष्ट्या घातक ठरलं, धन्य झालो.

जुई | दुपारी १२:१०

मला डॉक्टरांनी च्युइंगगम चघळायला सांगितलं होतं! मला वाटलं थट्टा करतायत.

पाणकावळा | दुपारी १२:१३

च्युइंगगमनं गॅस? आता हे अति झालं.

भूलवैद्य | दुपारी १२:३०

अति नाही. चघळलं की जठराला वाटतं अन्न येतंय, पोटाकडे जाणारी व्हेगस नस जागी होते, पाचक रस सुटतात, आतडी हलतात. खोटं जेवणच म्हणा. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात सीझरनंतरच्या १७ चाचण्या, ३१४९ बायका घेतल्या होत्या. गम चघळणाऱ्यांचा पहिला वारा सरासरी ७ तास लवकर सरला. पुराव्याचा दर्जा मात्र त्यांनी स्वतःच कमी ठरवलाय, कारण कोण चघळतंय ते लपवता येत नाही. आणि ज्या ठिकाणी लवकर खायला देतातच, तिथे याचा वेगळा फायदा किती, हा प्रश्न उरतो. खरं जेवण मिळत असेल तर खोट्याची गरज काय? पण तुमच्या हिला थांबवलंयच, तर डॉक्टरांना विचारून चघळायला द्या. पूर्ण जागी असतानाच. साखरविरहित गम फार चघळले तर त्यातल्या सॉर्बिटॉलनं उलटा गॅस होतो, तेव्हा बेतानं.

कोरी_पाटी | दुपारी २:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. भूलवैद्य, तुमचं वाक्य जसंच्या तसं मोठ्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "खास कारण काही नाही, मळमळ नसेल तर द्या." म्हणजे ज्युनिअरांनी छापील सूचना वाचून दाखवली होती! थोडं थोडं खायला सुरुवात केलीय. कुशीवर वळण्याची युक्ती पहिल्याच झटक्यात जमली, ती म्हणतेय रात्रपाळीताईंना सांग, हे ऑपरेशनच्या आधी शिकवायला हवं. सासऱ्यांना चहा प्यायला पाठवलंय.

वात_कुक्कुट | दुपारी २:४०

गॅसवरची ती थेंबांची, गोळ्यांची औषधं द्या ना, सिमेथिकोन वगैरे. बाळांनाही देतात.

भूलवैद्य | दुपारी ३:०५

त्यानं बुडबुडे फुटतात, झोपलेलं आतडं जागं होत नाही. नुकसान नाही, पण त्यावर विसंबून चालणं सोडायला नको.

तिसरा_मजला | दुपारी ३:३०

मजा चाललीय ती चालू दे, पण एक गंभीर गोष्ट लिहितो. माझ्या चुलतबहिणीचं सीझर झालं. पोट फुगलं, सगळे म्हणाले गॅस आहे. सगळे म्हणजे आम्हीसुद्धा. चालवलं, कुशीवर झोपवलं. पोट वाढतच गेलं, वरून टिचकी मारली की ढोलासारखा आवाज. मध्ये थोडी पातळ संडासही झाली, त्यामुळे सगळे निर्धास्त झाले, चला, मोकळं झालं. पण फुगा उतरेना, उजवीकडे खाली दुखायला लागलं आणि नाडी फार जलद चालली होती. तिथल्या एका सिस्टरनं आग्रह धरला म्हणून एक्स-रे काढला. मोठं आतडं प्रचंड फुगलेलं, आत अडथळा काहीच नाही. ओगिल्व्ही सिंड्रोम म्हणतात याला. देवाच्या कृपेनं औषधावर भागलं.

उंटावरची_शहाणी | दुपारी ३:४१

बापरे. हे कधी ऐकलंच नव्हतं.

भूलवैद्य | दुपारी ४:१०

तिसरा_मजला यांनी फार महत्त्वाचं लिहिलं. दुर्मीळ आहे, पण बाळंतपणाशी निगडित प्रकरणांत सीझर बऱ्याचदा असतं. सर विल्यम हेनेज ओगिल्व्ही या ब्रिटिश सर्जननं १९४८ मध्ये त्याचं वर्णन केलं. अडथळा नसताना मोठं आतडं अडल्यासारखं फुगत जातं. उजवीकडे खाली मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी असते, तिथे ताण सगळ्यात जास्त. ती साधारण १२ सेंटिमीटरच्या पुढे ताणली की फुटायची भीती वाढते. पोटॅशियमसारखे क्षार बिघडले असतील तर ते दुरुस्त करतात, आतडी मंदावणारी औषधं थांबवतात, नळीनं हवा काढतात. तरीही उतरलं नाही तर आतडं हलवणारं निओस्टिग्मिन देतात, पण त्यानं हृदयाची गती एकदम उतरू शकते म्हणून मॉनिटर लावून, गती परत वाढवणारं अॅट्रोपिन हाताशी ठेवूनच.

आणि हो, संडास होतेय किंवा वारा सरतोय म्हणून हे नाहीच, असं म्हणता येत नाही. लोक नेमके तिथेच फसतात. नुसतं फुगलेलं पोट आणि हे यात फरक करायचा तो दिशेवरून. साधा गॅस तासागणिक, चालण्यागणिक उतरत जातो. पोट वाढतच असेल, दुखणं वाढत असेल, हिरवट उलट्या होत असतील, ताप असेल, नाडी जलद असेल, तर "गॅस असेल" हे उत्तर कोणाकडूनही ऐकून घेऊ नका, माझ्याकडूनही.

कोरी_पाटी | दुपारी ४:२५

वाचून माझंच पोट फुगलं. हिचं सकाळपेक्षा मऊ लागतंय, नाडी सिस्टर मोजून गेल्या, ठीक आहे.

कोरी_पाटी | संध्याकाळी ७:५०

झालं!!!

गप्पिष्ट | संध्याकाळी ७:५१

🎉 आवाजासहित की विनाआवाज?

कोरी_पाटी | संध्याकाळी ७:५८

शेजारच्या खाटेवरून अभिनंदन आलं, यावरून समजा. खांदाही बराच हलका झालाय.

जुई | रात्री ८:१०

आता पुढचा डोंगर. पहिली संडास. मला ऑपरेशनपेक्षा तिची धास्ती होती. टाके तुटतील अशा भीतीनं मी जायचं टाळत राहिले, मग आणखी घट्ट झालं, मग आणखी भीती. शेवटी जे कुंथावं लागलं त्यात टाक्यांना काही झालं नाही, पण खाली चीर पडली आणि ती टाक्यांपेक्षा जास्त दिवस छळत होती.

रात्रपाळी | रात्री ८:३५

जुईनं लिहिलं ते रोज बघते. बाई बाथरूममध्ये जाते, आतून कडी लावते (लावू नका, पहिल्या वेळी दार नुसतं लोटा), पाच मिनिटांत रडवेली होऊन बाहेर येते, "नाही होत." टाके तुटायची भीती. गर्भाशय वेगळं शिवलेलं असतं, पोटाचा मजबूत पडदा वेगळा, कातडी वेगळी. संडासला बसल्यानं ते सगळं उसवत नाही. पण भीतीनं खालचा स्नायू आवळला जातो आणि दार बंद ठेवून ढकलल्यासारखं होतं.

घाई लागली की लगेच जायचं, पुढे ढकलायचं नाही. खाल्ल्यावर आतडी आपोआप जोर करतात, म्हणून सकाळी काहीतरी पोटात गेल्यावर बसून बघायचं. कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल, गुडघे कमरेच्या वर, कोपरं मांड्यांवर, थोडं पुढे झुकून. आतली वळलेली वाट अशानं सरळ होते. घडीचा टॉवेल टाक्यांवर. तोंड उघडं ठेवून लांब श्वास सोडायचा, श्वास कोंडून कुंथायचं नाही. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. मोबाइल बाहेर.

पहिल्या दोन-चार दिवसांत होणं नेहमीचं आहे. ऑपरेशनआधी पोट रिकामं होतं, खाल्लंही कमी, मग तयार काय होणार?

पाणकावळा | रात्री ८:५०

संडास "चांगली" कोणती याचा तक्ताच आहे म्हणे, सात प्रकारांचा?

वात_कुक्कुट | रात्री ८:५५

ब्रिस्टल तक्ता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. १ नंबर म्हणजे सुटे खडे, ७ म्हणजे पाणी. ३ आणि ४ ला पैकीच्या पैकी.

गप्पिष्ट | रात्री ८:५७

जेवत होतो हो.

टाकेवाली | रात्री ९:२०

खडा होऊ नये म्हणून काय? मला दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी घरी सोडतानाच रेचक लिहून दिलं होतं, पण ते रात्री घेतलं की पोटात गुरगुर आणि गॅस. एकातून सुटून दुसऱ्यात.

भूलवैद्य | रात्री ९:४५

ते लॅक्टुलोज असावं. तो न पचणारा साखरेचा प्रकार, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर ताव मारतात, म्हणून गॅस. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पुड्यांनी गॅस कमी होतो. दोन्ही रक्तात जवळपास जात नाहीत, त्यामुळे दूध पाजताना सहसा निर्धोक. इसबगोलासारखा भुसा घ्यायचा तर भरपूर पाण्याबरोबरच. पाणी कमी पडलं तर तोच आत अडून बसतो. आणि आतडं अजून सुस्त असताना, पोट फुगलेलं असताना, भुसा नको. जोर करायला लावणारी रेचकं, म्हणजे सेना, बिसाकोडिल, ही गरज लागली तर थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून.

वेदनाशामकांचंही बघा. पॅरासिटामोल आणि आयबुप्रोफेन (चालत असेल तर) ठरलेल्या वेळी घेतलं, दुखायची वाट न बघता, तर अफूच्या जातीची औषधं कमी लागतात आणि आतडी लवकर सुटतात. ट्रामाडॉल आणि कोडीन दूध पाजणाऱ्या आईनं टाळावं असा इशारा एफडीएनं (अमेरिकेतली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये दिलाय. तो बाळाच्या श्वासासाठी, बद्धकोष्ठाचा त्रास वेगळाच. पण दुखणं सोसत पडून राहणं हा उपाय नव्हे. दुखतंय म्हणून बाई हलली नाही तर आतडीही हलत नाहीत.

उंटावरची_शहाणी | रात्री १०:०२

आणि पाणी! दूध पाजणाऱ्या बाईचं पाणी दुधात जातं, उरलेलं मोठं आतडं शोषून घेतं, मग खडा. दर वेळी पाजायला बसताना हाताशी पाण्याची बाटली ठेवा, आणि ती भरून द्यायचं काम नवऱ्याचं. हे उंटावरून नाही, जमिनीवरून सांगतेय.

पाणकावळा | रात्री १०:०६

हे पटलं. तारीख लिहून ठेवतो.

कोरी_पाटी | शुक्रवार, सकाळी ८:३०

घरी आलो. आज सकाळी दुसरा डोंगरही सर झाला. स्टूल, टॉवेल, उघडं तोंड, सगळं साग्रसंगीत. तक्त्यानुसार २ आणि ३ च्या मध्ये. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. पुड्या चालू आहेत. बाटली भरतोय.

मधली_सुट्टी | शुक्रवार, सकाळी ११:१५

उशिरा येतेय. माझं सीझर पुढच्या आठवड्यात ठरलंय आणि मला आत्ताच बद्धकोष्ठ आहे, लोहाच्या गोळ्यांमुळे बहुतेक. आधीच काय करून ठेवावं? एनिमा घेऊ का?

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १:२०

एनिमा सरसकट द्यायची गरज नसते, स्वतःहून तर नकोच. डॉक्टरांना आत्ताच बद्धकोष्ठाचं सांगा. पोट मऊ ठेवणारं औषध या आठवड्यातच सुरू करता येतं. लोहाची गोळी मनानं बंद करू नका, ऑपरेशनमध्ये थोडं रक्त जातंच. पण मात्रा, प्रकार किंवा एक दिवसाआड घेणं, यात काही बदलता येईल का ते विचारा. भरती व्हायच्या आधीच विचारून ठेवा: ऑपरेशननंतर खायला कधी देणार, लघवीची नळी कधी काढणार, उठवणार कधी. उत्तरं नवऱ्यालाही ऐकवा, त्या दिवशी तुम्हाला काही आठवणार नाही. आणि कुशीवर वळून उठायचा सराव आज रात्रीपासून करा, पोट मोठं असताना तसंही तसंच उठावं लागतं.

मधली_सुट्टी | शुक्रवार, दुपारी १:४५

धन्यवाद ताई. छोटं स्टूल घरात आहे, पण नवरा त्यावर चढून माळ्यावरचं सामान काढतो. ते आज जप्त करते.